हात गेला, टक्के किती? शेतमजुराच्या कायम अपंगत्वाची भरपाई अशी ठरते

मका किंवा दादर काढायच्या दिवसांत थ्रेशरमध्ये हात जातो. कडबा कुट्टीत बोटे जातात. विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटतो, रोटाव्हेटरच्या पात्यात पाय अडकतो, फवारणीचे औषध डोळ्यात जाते. जळगाव-धुळ्याकडे असा एकही माणूस नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल.

पुढे काय होते, तेही बहुतेक ठरलेले असते. शेतमालक चांगला असेल तर दवाखान्याचे बिल भरतो, घरी धान्य पाठवतो. दोन-तीन महिन्यांनी ही मदत आटते. मग कोणीतरी सल्ला देते, "सिव्हिलला जा, अपंगत्वाचा दाखला काढ. त्यावर जेवढे टक्के, तेवढे पैसे मिळतात."

या सल्ल्यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. दाखल्यावरचा टक्का आणि भरपाईचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक माहीत नसल्यामुळे मजुराचे लाखो रुपये जाऊ शकतात. म्हणून आज हा टक्का येतो कुठून, ते नीट पाहू.

शेतमजूर या कायद्यात बसतो का?

कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा आपल्याकडे १९२३ सालचा आहे. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. तेव्हा त्याचे नाव कामगार भरपाई कायदा होते. २०१० पासून त्याला कर्मचारी भरपाई कायदा म्हणू लागले. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरण्या, खाणी आणि रेल्वे होती, शेत नव्हते. पुढे त्यातली कामांची यादी वाढत गेली आणि शेतीची बरीच कामे आत आली. ट्रॅक्टरने किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या साधनांनी केलेली शेती, यंत्राने कापणी आणि मळणी, कीटकनाशकाची फवारणी आणि धुरळणी, विहीर खोदणे किंवा खोल करणे, बोअरवेल, पाण्याच्या मोटारी बसवणे आणि दुरुस्त करणे ही सगळी कामे यादीत आहेत.

म्हणून अर्जात नुसते "शेतमजूर" लिहून थांबू नका. अपघाताच्या क्षणी नेमके कोणते काम चालले होते, ते लिहा. "शेतात काम करताना हात कापला" आणि "विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या कुट्टी मशीनमध्ये कडबा लावताना हात कापला" ही दोन वाक्ये वकिलाच्या दृष्टीने फार वेगळी आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. भरपाईचा सांगाडा तोच ठेवला आहे. फरक असा की जुन्या कायद्यातल्या "आयुक्तां"च्या जागी संहितेत "सक्षम प्राधिकारी" आहे. त्या तारखेआधीच्या अपघातांना जुना कायदाच लागतो. या लेखातले आकडे आणि निकाल त्या जुन्या कायद्यातले आहेत, कारण आज कोर्टात असलेले बहुतेक दावे त्याच काळातले आहेत.

"हा रोजंदारीवरचा, कायमचा माणूस नव्हता," हा मालकाचा आवडता बचाव. नैमित्तिक कामगाराला काही बाबतीत वगळणारे शब्द कायद्यात पूर्वी खरोखरच होते. २००० च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. आणि "तुझीच चूक होती" हा बचाव तर जवळजवळ निरुपयोगी आहे. या कायद्यात चूक कोणाची हे बघायचेच नसते. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढे पुरते. मजूर दारूच्या नशेत होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला किंवा यंत्राचे संरक्षक कव्हर मुद्दाम काढले आणि त्यामुळेच अपघात झाला, असे असेल तर मालक सुटू शकतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ही सूटही मिळत नाही.

एकाच हाताचे तीन टक्के

समजा कुट्टी मशीनने उजव्या हाताची नस आणि स्नायू कापले गेले. हात शाबूत आहे, पण मूठ नीट वळत नाही. आता या एका हाताचे तीन वेगवेगळे टक्के निघू शकतात.

पहिला टक्का त्या अवयवाचा. डॉक्टर तपासून म्हणतात, हाताचे काम ४५ टक्के गेले. दुसरा टक्का संपूर्ण शरीराचा. एक हात म्हणजे सगळे शरीर नव्हे, म्हणून तोच आकडा पूर्ण शरीराच्या हिशेबात बराच खाली येतो. तिसरा टक्का कमाईच्या क्षमतेचा, म्हणजे या इजेमुळे माणूस आयुष्यभर किती कमी कमावणार.

दिव्यांग प्रमाणपत्र पहिल्या दोन टक्क्यांच्या जगातले आहे. एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना, नोकरीतले आरक्षण यासाठी ते लागते आणि तिथे ४० टक्क्यांची रेषा महत्त्वाची असते. भरपाईचा दावा मात्र तिसऱ्या टक्क्यावर चालतो. तिथे ४० ची रेषाच नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी "३८ टक्केच भरले, बसत नाही" असे सांगून परत पाठवलेला माणूस भरपाईच्या दाव्यात पूर्णपणे बसतो. उलट, दाखल्यावरचे ४५ टक्के म्हणजे भरपाईचेही ४५ टक्के असे धरून बसलेला माणूस हक्काच्या रकमेवर आपणच पाणी सोडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हा फरक फार सोप्या भाषेत सांगितला आहे. प्रकरण मोटार अपघाताचे होते, पण तत्त्व इथेही लागते. डावा हात गेलेला माणूस गाडी चालवणारा किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के जाते. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकते. न्यायालयाने आणखी एक सूचना केली: डॉक्टरने टक्का लिहिला की तो कशाचा, अवयवाचा की पूर्ण शरीराचा, हे आधी विचारा.

कायद्यातला दरतक्ता

काही इजांचे टक्के कायद्याने आधीच ठरवून ठेवले आहेत. त्यांची एक अनुसूची आहे. वाचायला ती खाटकाच्या दरपत्रकासारखी वाटते, पण तिचा मोठा फायदा हा की तिथे डॉक्टरशी वाद घालावा लागत नाही.

हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के, अंगठ्याचे फक्त शेवटचे पेर गेले तर २०. पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. पूर्ण पंजा ६०. हात खांद्याच्या सांध्यातून गेला तर ९०. पाय मांडीच्या मध्यापासून गुडघ्याखाली सुमारे नऊ सेंटिमीटरपर्यंत कुठेही कापावा लागला तर ६०. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. बुबुळ जागेवर आहे पण त्या डोळ्याची दृष्टी गेली तर ३०. दोन्ही हात, एक हात आणि एक पाय, किंवा कामच करता येणार नाही इतकी दृष्टी गेली तर १००.

तक्त्यात विचित्र गोष्टीही आहेत. तर्जनीचे १४ आणि मधल्या बोटाचे १२ मिळून २६ होतात, पण "दोन बोटे" म्हणून दर लिहिला आहे २०. हात उजवा की डावा यानेही टक्का बदलत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात कारखान्यासाठी मांडलेला हा हिशेब आहे. विळा कोणत्या हाताने धरतात याचा विचार त्यात कोणी केलेला नाही.

अनुसूचीच्या शेवटी एक टीप आहे. अवयव कापला गेला नाही, पण त्याचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा संपला, तर तो गेलाच असे धरायचे. अंगठा दिसायला जागेवर आहे पण लाकडासारखा ताठ झाला, काहीच धरता येत नाही, तर त्याचेही ३० टक्के. बऱ्याच दाव्यांत ही टीप कोणी वाचतच नाही.

तक्त्यात न बसणाऱ्या इजा मात्र भरपूर आहेत. वाकडे जुळलेले हाड, मणक्याची इजा, अर्धवट निकामी हात, औषधाच्या विषबाधेनंतर राहिलेला त्रास. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्याची बातमी देशभर झाली. वाचलेल्यांचे पुढे काय झाले, याची तेवढी झाली नाही. अशा इजांत कमाईची क्षमता किती गेली, हे डॉक्टरने ठरवायचे आणि ते ठरवताना अनुसूचीतले टक्के डोळ्यांसमोर ठेवायचे, असे कायदा सांगतो.

पैशांचा हिशेब

कायम आणि पूर्ण अपंगत्व असेल तर सूत्र असे: महिन्याच्या वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक. हा गुणक कायद्यात छापलेला आहे. ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण कमावण्याची वर्षे जास्त गेली. अंशतः अपंगत्व असेल तर आलेल्या रकमेचे तेवढे टक्के.

खानदेशात सालदाराचे साल आखाजीला ठरते. समजा ३५ वर्षांच्या सालदाराचे साल १,०८,००० रुपयांना ठरले. म्हणजे महिन्याला ९,००० रुपये. त्याचे ६० टक्के ५,४००. गुणिले १९७.०६ केले की १०,६४,१२४ रुपये होतात. ही झाली शंभर टक्क्यांची रक्कम. तर्जनी गेली असेल तर १४ टक्क्यांनी सुमारे १,४८,९७७ रुपये. अंगठा गेला असेल तर ३,१९,२३७. पंजा गेला असेल तर ६,३८,४७४. आणि पंजा गेल्यामुळे हा माणूस कोणतेच काम करण्याच्या स्थितीत राहिला नाही हे सिद्ध झाले, तर पूर्ण १०,६४,१२४. साठ आणि शंभर टक्क्यांमधला फरक सव्वाचार लाखांहून जास्त आहे, आणि तो ठरतो "हा माणूस आता काय करू शकतो" या एका प्रश्नावर.

वेतनावरही भांडण होतेच. मालक म्हणतो, महिन्यातून दहाच दिवस कामाला यायचा. हजेरीपट शेतात कोण ठेवतो? मग उचलीची वही, फोनपेवर आलेले पैसे, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष हे पुरावे होतात. काहीच नसेल तर शासनाच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेचा आधार घेता येतो. जुन्या कायद्यात पैशात मोजता येणारा लाभही वेतनात धरला जातो, त्यामुळे सालासोबत ठरलेले धान्य हिशेबात घ्यायला सांगा. हिशेबासाठी वेतनाला मात्र वरची मर्यादा आहे. ३ जानेवारी २०२० पासून ती महिना १५,००० रुपये आहे. त्याआधी ८,००० होती.

उपचार चालू असताना काम बंद असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम वेगळी मिळते. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडून मिळतो. मालकाने दिलेले दवाखान्याचे बिल भरपाईतून वळते करायचे नसते. "तुझ्या ऑपरेशनला ऐंशी हजार घातले, आता आणखी काय?" याला कायद्याचे उत्तर असे आहे की तो हिशेबच निराळा.

सुतार, टँकरचालक आणि सालदार

तक्त्यात ६० किंवा ७० टक्के लिहिले असताना शंभर टक्के मिळू शकतात का? मिळू शकतात, आणि याचा एक जुना दाखला एका सुताराचा आहे. ओडिशातल्या एका सिनेमागृहात सजावटीचे काम करताना ६ जुलै १९६८ रोजी तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे होते की अनुसूचीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. आयुक्तांनी शंभर टक्के धरले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय कायम ठेवला.

२००८ मधले दुसरे प्रकरण टँकरचालकाचे. त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. आयुक्तांनी शंभर टक्के दिले, उच्च न्यायालयाने ते ६५ वर आणले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा शंभर केले. कारण तेच: हा माणूस पुन्हा टँकर चालवू शकणार नाही.

शेतमजुराचा मुद्दा मात्र सुतारापेक्षा अवघड आहे. सुताराचे काम एक, शेतमजुराची कामे पन्नास. समोरचा वकील विचारणारच: एका हाताने राखण करता येते की नाही? शेळ्या चारता येतात की नाही? कायद्यात पूर्ण अपंगत्वाची व्याख्या अशी आहे की अपघाताच्या वेळी माणूस जी कामे करू शकत होता, ती सगळी करायला तो असमर्थ झाला पाहिजे. त्यामुळे नुसते "आता काम होत नाही" म्हणून भागत नाही. सालदार काय काय करायचा, त्याची पूर्ण यादी साक्षीत यायला हवी. औत धरणे, पाणी भरताना बारे फोडणे, खताची पोती उचलणे, दूध काढणे, कापूस वेचणे, ट्रॅक्टर चालवणे. रावेर-यावलकडे केळीच्या कामावर असेल तर घड कापून खांद्यावरून गाडीपर्यंत नेणे. यातले कोणते काम एका हाताने होते? आणि राखणीचे काम उरलेच, तर त्या गावात ते बारमाही मिळते का, किती पैशांत मिळते? माझ्या मते शेतमजुराचा दावा जिंकला किंवा हरला जातो तो इथे, वैद्यकीय कागदांत नव्हे.

शंभर टक्के जमले नाहीत तरी ही यादी वाया जात नाही. अनुसूचीत नसलेल्या इजेत डॉक्टर आणि आयुक्त दोघांनाही टक्का ठरवायला तिचाच आधार मिळतो.

डॉक्टरकडून काय लिहून घ्यायचे

उपचार पूर्ण होण्याआधी टक्का काढायची घाई करू नका. जखम भरून, व्यायामाने जेवढी हालचाल परत येणार तेवढी आल्यावरच कायमचे नुकसान किती ते कळते. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळाचेच हवे, असे या कायद्यात नाही. नोंदणीकृत पात्र डॉक्टर चालतो, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचे शब्द सहसा वजनदार ठरतात. फक्त तो साक्षीला येईल का, हे आधी विचारून ठेवा. साक्षीशिवाय नुसता कागद उलटतपासणीला तोंड देऊ शकत नाही.

प्रमाणपत्रात एक ओळीचा आकडा नको. कोणती हालचाल उरली, किती वजन उचलता येते, मूठ वळते का, उकिडवे बसता येते का, ढेकळांतून चालता येते का, हे लिहिलेले हवे. टक्का कशाचा आहे, तेही. आणि डॉक्टरला मजुराचे काम काय होते ते सांगा, कारण विचारल्याशिवाय ते कळायला मार्ग नसतो. पहिल्या दिवसाचे कागद जपा. दवाखान्यात भरती करताना "घरी पडला" असे लिहून घ्यायचा आग्रह होतो, पोलिसांची भानगड नको म्हणून. ती एक ओळ पुढे दावा बुडवते.

गावात बसून मिटवले तर?

बहुतेक अपघात इथेच संपतात. पाच माणसे बसतात, वीस-पंचवीस हजार ठरतात, शंभराच्या स्टॅम्पवर "माझी काही तक्रार नाही" असा अंगठा घेतला जातो. कधी कधी गेलेला अंगठा सोडून दुसऱ्या हाताचा.

कायद्याने हा कागद टिकत नाही. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. एकरकमी समझोता करायचा तर त्याची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते. रक्कम फार कमी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंदच केली नाही तर मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी राहते आणि आधी दिलेल्या रकमेपैकी अर्ध्याहून जास्त वजावट त्याला सहसा मिळत नाही. जखमी मजूर स्त्री असेल तर एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच भरावी लागते. परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

आता मालकाची बाजू. हा मालक पुष्कळदा दोन-तीन एकरांचा शेतकरी असतो, त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज असते. सहा लाखांचा हुकूम निघाला तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. यावर उपाय आधीच करायचा असतो: विमा कंपन्या कर्मचारी भरपाईची पॉलिसी विकतात, ती सालदारासाठी काढता येते. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे सगळे झाकले गेले, हा गैरसमज महाग पडतो. मडगार्डवर बसलेल्या मजुराची जबाबदारी त्या विम्यात येईलच असे नाही.

थ्रेशर भाड्याचा असेल तर मालक कोण? शेतकरी म्हणतो मजूर थ्रेशरवाल्याचा, थ्रेशरवाला म्हणतो शेतकऱ्याचा. अर्जात दोघांनाही सामील करा. ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते. नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीचा रस्त्यावर अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण हा दुसरा रस्ता असतो, पण दोन्हींतून एकच निवडावा लागतो.

सरकारी योजना या भरपाईची जागा घेत नाहीत

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना बऱ्याच जणांना माहीत असते. तिच्यात एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख आणि दोन अवयव गेले तर दोन लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही, तो भूमिहीन मजूर तिच्यात येत नाही. म्हणजे एकाच थ्रेशरवर दोघांचे हात गेले, तर मालकाला सरकारी अनुदान आणि मजुराला फक्त हा कायदा. मजुराचे बँक खाते असेल आणि वर्षाला २० रुपये कापले जात असतील, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतून अवयवाच्या नुकसानीसाठी एक किंवा दोन लाख मिळू शकतात. पासबुक बघा. ते पैसे मिळाले म्हणून मालकाकडची भरपाई थांबत नाही.

अर्ज कुठे आणि कधी

मुदत अपघातापासून दोन वर्षे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. मालकाला लेखी नोटीस लवकरात लवकर द्या. रजिस्टर पोस्टाची पावती पुरावा ठरते. महाराष्ट्रात जुन्या कायद्याखाली आयुक्त म्हणून कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश काम पाहत आले आहेत. अर्ज अपघात झाला तिथे किंवा मजूर राहतो तिथे करता येतो. चाळीसगाव तालुक्यातला ऊसतोड मजूर कोल्हापूरकडे जखमी झाला, किंवा सातपुड्यातला पावरा मजूर दुसऱ्या जिल्ह्यात, तरी तारखांसाठी तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचे म्हटले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात. धाराशिवकडच्या साखर कारखान्यातला एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीवर जाताना, कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. कामावर जातानाचा अपघातही, कामाशी धागा जुळत असेल तर, भरपाईत येतो असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला सांगितले ते २९ जुलै २०२५ रोजी. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला निघालेल्या सालदारांसाठी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उशिराची थोडी भरपाई व्याजाने होते. एका महिन्यात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागते, आणि ते अपघाताच्या तारखेपासून मोजावे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. वरच्या उदाहरणातल्या अंगठ्याच्या ३,१९,२३७ रुपयांवर आठ वर्षांत ३,०६,००० रुपयांहून जास्त व्याज होते. विनाकारण टाळाटाळ केली तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो. विमा असेल तर व्याज विमा कंपनी भरते, पण दंड मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. निकालाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जायचे असेल, तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरून त्याचा दाखला अपिलाला जोडावा लागतो.